समोरची फुलं आणि मागचा डोंगर, दोन्ही एकाच फोटोत स्पष्ट कसे आणायचे?

पहिलाच_क्लिक
नमस्कार मंडळी. कॅमेरा नवा, हात नवा, प्रश्न मात्र बहुतेक जुनाच असेल. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ एमएमची झूम लेन्स. मीटरभरावर रानफुलं होती, मागे डोंगर. फुलं झकास आली, डोंगर पार धूसर. डोंगरावर फोकस केला तर फुलांची वाट लागली. एकाने सांगितलं, "एफ/२२ लाव, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक कर, सगळं येईल." लावलं, तर सगळंच जरा मऊ आलं आणि फुलं हललेली. पहिल्या फोटोची माहिती: झूम ३५ एमएम, एफ/४.५, फोकस पॉइंट ऑटो (फोकस कुठे करायचा ते कॅमेराच ठरवतो). मोबाइलवर हाच फोटो विनातक्रार येतो, त्यामुळे जास्तच चिडचिड होतेय. नेमकी कुठली सेटिंग लावू?

भिंगोजी
आधी मोबाइलचं. त्याचा सेन्सर नखाएवढा आणि मुख्य लेन्सची खरी फोकल लेंग्थ (लेन्सचा एमएममधला आकडा) जेमतेम काही एमएम, म्हणून त्याला सगळं स्पष्ट दिसणं फुकटात मिळतं. उलट पोर्ट्रेटमध्ये मागचं धूसर करायला त्याला सॉफ्टवेअरची सोंगं करावी लागतात. तेव्हा त्याच्यावर जळू नका.

आता तुमचा फोटो. क्रॉप सेन्सर, ३५ एमएम, एफ/४.५, फोकस एक मीटरवर. हिशेब केला तर स्पष्ट पट्टा, म्हणजे जेवढ्या अंतरातलं स्पष्ट येतं तो भाग, साधारण ९३ सेंटिमीटरपासून १०८ पर्यंत. वीतभरसुद्धा नाही! डोंगर बिचारा काय करणार.

पट्टा वाढवायचे तीन मार्ग: झूम कमी करा, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करा (एफचा आकडा वाढवा), फोकस पुढे ढकला. सगळे ॲपर्चरच्या मागे लागतात, पण जास्त फरक पडतो तो झूमने आणि फोकस कुठे टाकला त्याने. १८ एमएमवर या. मोड ॲपर्चर प्रायॉरिटी (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), एफ/११. फोकस पॉइंट ऑटोवर ठेवू नका. कॅमेरा बहुतेक वेळा जवळची वस्तू धरतो, आणि तुमच्या बाबतीत त्याने तेच केलं. एकच पॉइंट निवडा आणि तो फुलांवर नाही, डोंगरावरही नाही, फुलांच्या मागे जमिनीवर साधारण दोन मीटरवर टाका. म्हणजे सुमारे ८५ सेंटिमीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पट्ट्यात येतं.

लक्षात ठेवायला सोपं: जी सगळ्यात जवळची वस्तू स्पष्ट हवी, तिच्या दुप्पट अंतरावर फोकस. डोंगरावर फोकस करणं म्हणजे पट्ट्याचा बराचसा भाग डोंगराच्या पलीकडे वाया घालवणं.

एफ/२२ विसरा. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात. त्याने सगळी चौकटच मऊ होते, अगदी फोकसमधला भागसुद्धा. क्रॉप सेन्सरवर मी एफ/११च्या पुढे नाइलाजानेच जातो. फुलं हलली ती शटर मंदावल्यामुळे. वारा असेल तर शटर १/२०० सेकंद तरी ठेवा आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ४००-८००पर्यंत बेलाशक वाढवा. त्याने फोटोत येणारे थोडे दाणे परवडतात, हललेलं फूल दुरुस्त होत नाही.

तीनपायी
भिंगोजींशी सहमत, पण एक पुरवणी. हा सगळा हिशेब मध्यम आकाराची प्रिंट हातभर अंतरावरून बघायची, असं धरून केलेला असतो. फोटो स्क्रीनवर शंभर टक्के मोठा करून बघितला की पट्ट्याच्या दोन्ही टोकांना किंचित मऊपणा दिसतोच. मला डोंगर कडक हवा असेल तर मी फोकस तीन मीटरकडे सरकवतो आणि फुलांपासून एक पाऊल मागे होतो.

आणि फूल अगदी लेन्सपाशी, ३० सेंटिमीटरवर असेल तर कुठलंही ॲपर्चर पुरत नाही, १८ एमएमवरसुद्धा. तिथे ट्रायपॉड लावून एक फोटो फुलावर, एक मधल्या जमिनीवर, एक डोंगरावर असे काढायचे आणि नंतर एकत्र जोडायचे. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. वारा असेल तर त्या भानगडीत पडूच नका.

फ्रेमबाहेर
धाग्यात घुसतोय. माझ्याकडे ५० एमएम एफ/१.८ आहे, कॅमेरा क्रॉपच. घरच्यांचा ग्रुप फोटो काढला, दोन रांगा. पुढचे सगळे छान, मागचे पुसल्यासारखे. हेच कारण का?

भिंगोजी
हेच. एफ/१.८ला, दोन मीटरवर तुम्हाला मिळतात जेमतेम बारा सेंटिमीटर. रांगा दोन, पट्टा एका नाकापुरता. एफ/५.६ किंवा एफ/८ करा, जागा असेल तर मागे सरका, मागच्या रांगेला पुढच्यांच्या पाठीला चिकटून उभं करा. फोकस पुढच्या रांगेतल्या डोळ्यांवर. घरात उजेड कमी असेल तर आयएसओ वाढवायचा, ॲपर्चर पुन्हा उघडायचं नाही.

पहिलाच_क्लिक
फार आभार! एकच शंका. माझ्या लेन्सवर अंतराचे आकडेच नाहीत. दोन मीटर ओळखायचं कसं?

भिंगोजी
दोन-तीन पावलांवरचा एखादा दगड किंवा गवताचा झुपका बघा. त्यावर एकच पॉइंट ठेवून शटर अर्धं दाबा, मग लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका. आता हवी तशी चौकट लावा, फोकस हलणार नाही. कंटिन्युअस फोकसवर (कॅमेरा सतत नव्याने फोकस करतो तो मोड) राहिलात तर चौकट बदलताच कॅमेरा पुन्हा फुलांकडे पळेल. झूम मात्र आधीच ठरवा, अशा बऱ्याच लेन्समध्ये झूम फिरवला की फोकस सरकतो.

फोटो काढल्यावर मागच्या स्क्रीनवर मोठा करून बघा. कुठेतरी एक जागा कडक आणि बाकी मऊ असेल तर फोकस चुकीच्या जागी पडलाय. कुठेच काही कडक नसेल तर बहुतेक हात हललाय, मग शटरचा वेग वाढवा.