राज्य बदललं आणि सिटिझनशिपचा अर्ज : तुमचे अनुभव

प्लेनोकर :
ग्रीन कार्डाची पाच वर्षं भरत आली की नेमकी कुणाची तरी नोकरी बदलते. आमच्या ओळखीत हे इतक्यांदा झालंय की म्हटलं धागाच काढावा. आम्ही न्यू जर्सीहून टेक्सासला आलो. एन-४०० साठी (सिटिझनशिपच्या अर्जाचा फॉर्म) पाच वर्षांचं वास्तव्य लागतं हे सगळ्यांना पाठ असतं (जोडीदार अमेरिकन नागरिक असेल आणि एकत्र राहत असाल तर तीन वर्षं). त्याच्या जोडीची अट मात्र ऐन वेळी आठवते : ज्या राज्यात राहता तिथे किमान तीन महिने झालेले हवेत. पाच वर्षांचा हिशोब देशाचा आहे, राज्य बदललं म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. उगाच घाबरू नका.

आम्ही तीन महिने जाऊ दिले आणि ऑनलाइन अर्ज टाकला. ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६०. इंटरव्ह्यूत ऑफिसरने नवं लायसन्स पाहिलं, इथे कधी आलात एवढं विचारलं आणि पुढे गेला. ज्यांचं प्रकरण इतकं सरळ नव्हतं त्यांनी सविस्तर लिहा.

सिएटलवासी :
आमचं थोडं गुंतलेलं होतं. पाच वर्षं पूर्ण होण्याआधी ९० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, आणि त्याच सुमारास आम्ही इलिनॉयहून इकडे आलो. मग तीन महिने कुठून मोजायचे? नियम असा की या लवकरच्या मुदतीत अर्ज केला असेल तर राज्याचे तीन महिने इंटरव्ह्यूच्या तारखेपासून मागे मोजले जातात. म्हणजे शिफ्ट झाल्या झाल्या अर्ज टाकणं नियमात बसतं. तरी मी थांबलो. समोरच्या ऑफिसरला हा बारकावा तोंडपाठ असेलच असं नाही, आणि इंटरव्ह्यूला बसून त्याला नियम समजावत बसायची मला हौस नाही. घाई असेल तर वकिलाला विचारून करा.

परीक्षेबद्दलही सांगतो. राज्याची राजधानी, गव्हर्नर, सिनेटर हे प्रश्न असतात आणि उत्तरं नव्या राज्याची द्यायची. बायकोच्या तोंडात इलिनॉयची राजधानी स्प्रिंगफील्ड इतकी बसली होती की आठवडाभर चहा करताना मी मधेच 'राजधानी?' म्हणून ओरडायचो. वॉशिंग्टनची राजधानी ऑलिंपिया आहे, सिएटल नव्हे! २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना नवीन परीक्षा आहे : १२८ प्रश्नांचा संच, विचारतात २० पर्यंत, १२ बरोबर आले की पास. पूर्वी शंभरातले दहा विचारायचे आणि सहा पुरायचे.

सॅन होजेवाली :
लॉस एंजेलिसहून सॅन होजे. राज्य तेच, त्यामुळे पुन्हा तीन महिने मोजावे लागले नाहीत. फक्त पत्ता बदलल्याचं कळवलं.

शार्लटकर :
आम्ही अर्ज केल्यानंतर हललो. याने अर्ज बाद होत नाही, फाइल नव्या पत्त्याच्या ऑफिसकडे जाते. पण पत्ता १० दिवसांत कळवायचा असतो. त्यासाठीचा एआर-११ फॉर्म ऑनलाइन भरता येतो, फी नाही. पोस्टात फॉरवर्डिंग लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका, इमिग्रेशनची पत्रं पोस्ट सहसा पुढे पाठवत नाही. बोटांच्या ठशांची नोटीस जुन्या घरी जायची, तुम्ही हजर राहायचा नाहीत, आणि अर्ज सोडून दिला असं धरलं जायचं.

आमची फाइल एका ऑफिसातून निघाली आणि दुसऱ्याने ती आलीच नाही म्हणून सांगितलं. फोनवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी तेच 'थांबा'. शेवटी इथल्या काँग्रेसमनच्या ऑफिसात संमतीचा फॉर्म भरून दिला. त्यांच्याकडे अशा चौकशा करणारी माणसंच असतात, आणि मत देता येत नसलं तरी आपण त्यांच्या मतदारसंघात राहतोच. त्यानंतर फाइल सापडली.

जॉर्जियाची लेक :
माझा अनुभव आईचा आहे. आपल्याकडे आईवडील निम्मं वर्ष मुलाकडे, निम्मं मुलीकडे आणि हिवाळ्यात पुण्याला, हे घरोघरी चालतं. आईचं ग्रीन कार्ड जुनं, भाऊ ओहायोला, मी अटलांटाजवळ. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, पण भावाकडे जाणं चालूच.

पहिला प्रश्न, तिचं राज्य कुठलं? दोन राज्यांत राहणाऱ्यांसाठी नियम असा की वार्षिक फेडरल टॅक्स रिटर्न जिथून भरलं जातं ते राज्य धरायचं. रिटर्न, लायसन्सऐवजी काढलेलं स्टेट आयडी, बँक, डॉक्टर असं सगळं जॉर्जियात आणलं आणि मगच अर्ज केला. भावाला थोडं लागलं. आई तुझीही आहेच, फक्त कागदावर इथे आहे, असं म्हणून त्याला समजावलं.

दुसरं, प्रवास. पाच वर्षांत निदान ३० महिने अमेरिकेत प्रत्यक्ष काढलेले हवेत. शिवाय सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर वास्तव्य तुटलं नाही हे आपल्याला सिद्ध करावं लागतं, आणि सलग वर्षभर बाहेर राहिलं तर ते तुटलंच. हिवाळा लांबवायची सवय असलेल्या आजी-आजोबांचं घोडं इथेच अडतं. २४ तासांपेक्षा लांब प्रत्येक ट्रिप फॉर्मवर लिहायची. मी डायनिंग टेबलावर तिचे नवे-जुने पासपोर्ट उघडून बसले. मुंबईचे शिक्के एकावर एक उमटलेले, तारखेतला ३ आहे की ८ कळेना. जुन्या ईमेलमधली तिकिटं काढून एकेक तारीख जुळवली.

तिचं वय ५५ च्या वर आणि ग्रीन कार्डाला १५ वर्षं होऊन गेलेली, त्यामुळे इंग्रजीची अट माफ. प्रश्न दुभाष्यामार्फत मराठीत. झेंड्यावर तेरा पट्टे का, तर 'तेरा वसाहती होत्या म्हणून', ठणठणीत. मग ऑफिसरबाईंनी विचारलं, ओहायोला किती असता? आई म्हणाली, 'नातवाला सुट्टी असते तेवढं. त्याची शाळा सुरू झाली की मला कोण विचारतं?' दुभाष्याने हेही इमानेइतबारे इंग्रजीत केलं. बाई हसल्या. झालं.

प्लेनोकर :
ताई, वा! आईंना नमस्कार सांगा.

डेन्व्हरवाला :
सगळ्यात मोठा धोका अजून कुणी लिहिला नाही. नव्या राज्यात गेलं की लायसन्स बदलावं लागतं, आणि १९९३ च्या एका कायद्यामुळे बहुतेक राज्यांत लायसन्सच्या फॉर्ममधूनच मतदार नोंदणी होते. मी काउंटरवर उभा असताना बाई टाइप करता करता 'रजिस्टर टू व्होट, येस?' म्हणाल्या, अशा सुरात की मान आपोआप हलावी. मी 'नो, नॉट अ सिटिझन' स्पष्ट सांगितलं आणि सही करण्याआधी स्क्रीन वाचली. खूण होतीच. काढायला लावली. एन-४०० मध्ये थेट प्रश्न आहे, कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंय का, मत दिलंय का. नागरिक नसताना नागरिक असल्याची सही गेली तर सिटिझनशिप राहू द्या, ग्रीन कार्डही धोक्यात येतं. घरातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना हे आधी सांगा, ती सगळीकडे 'येस' दाबत सुटतात.

ॲन आर्बरचा बाबा :
मुलांवरून आठवलं. लेक मिशिगनला कॉलेजात, आम्ही दरम्यान पेनसिल्व्हेनियाला शिफ्ट झालो. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजच्या राज्यातून किंवा आईवडिलांच्या घरून, दोन्हीकडून अर्ज करता येतो. तिने कॉलेजच्या पत्त्यावरून केला, म्हणजे इंटरव्ह्यूसाठी सेमिस्टर बुडवून घरी यावं लागलं नाही. मुलगा असेल तर १८ ते २६ मधलं सिलेक्टिव्ह सर्व्हिसचं (गरज पडल्यास सक्तीच्या लष्करभरतीसाठीची नोंद) रजिस्ट्रेशन झालंय का ते बघा.

सिएटलवासी :
डेन्व्हरवाले, हे मोठ्या अक्षरात वर टाकायला हवं.

ह्यूस्टनची :
ओथ म्हणजे नागरिकत्वाची शपथ, तिच्यानंतरचं लिहिते. ओथच्या दिवशी ग्रीन कार्ड परत द्यायचं आणि सर्टिफिकेट घ्यायचं. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व आपोआप जातं, म्हणून जुन्या पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. तो सरेंडर करायचा आणि मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) काढायचं. इथेही राज्य आडवं येतं, कारण अर्ज राहत्या राज्याच्या कॉन्सुलेटकडे जातो : टेक्साससाठी ह्यूस्टन, न्यू जर्सीसाठी न्यू यॉर्क. पत्त्याचा पुरावा नव्या राज्याचा लागतो. डिसेंबरची तिकिटं काढली असतील तर आधी अमेरिकन पासपोर्ट, मग सरेंडर, मग ओसीआय असा क्रम धरा आणि ओसीआय वेळेत येत नसेल तर ई-व्हिसाची तयारी ठेवा.

प्लेनोकर :
आमचा ओथ पुढच्या महिन्यात आहे. सरेंडरला लायसन्स चालतं की युटिलिटी बिलही लागतं?

ह्यूस्टनची :
आम्ही दोन्ही लावलं होतं. बिल तुमच्या नावाचं नसेल तर लीजची प्रत लावा.