मस्कतहून आलेला पिवळा रोबो: बंबलबी नाही, मग कोण?

सोनपिवळा (डोंबिवली):
मंडळी, आईचं घर रिकामं करताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तळाशी, माझ्या चौथीच्या वह्यांखाली, डांबराच्या गोळ्यांच्या पुडीला चिकटलेला माझा पिवळा रोबो सापडला. १९८५च्या दिवाळीत काका मस्कतहून सुट्टीवर आले, तेव्हा त्यांनी आणलेला. बोटभर गाडी, उलगडली की माणूस. चाळीस वर्षांनी हातात घेतला आणि बोटांनीच त्याला उभा केला, मला काही आठवावं लागलं नाही.

गेली चार वर्षं मी ट्रान्सफॉर्मर्सचे, म्हणजे गाडीचा माणूस होणाऱ्या रोबोंचे, ‘कोअर क्लास’ नावाचे छोटे नमुने गोळा करतोय. घर लहान, म्हणून सुताराकडून दारामागे उथळ फळ्या मारून घेतल्या. नऊ सेंटिमीटरचे रोबो त्यांत नीट उभे राहतात. आजवर ३१ झाले. भेटेल त्याला सांगत आलो की माझा पहिला बंबलबी होता. पण बंबलबी हा त्यांतला पिवळा रोबो म्हणजे फोक्सवॅगनची बीटल गाडी, पाठ गोल. ह्याची पाठ सुरीने कापल्यासारखी सरळ आहे, काचा चौकोनी. खाली ‘टाकारा’ आणि ‘जपान’ एवढं वाचता येतं. मग हा कोण? डावा हात लुळा पडलाय, आणि टपावर गोळ्या टेकल्या होत्या तिथे चिकट लागतं. काय करू? विकायचा नाही.

मायक्रोमावशी (पुणे):
दादा, आधी श्वास घ्या. वर्णन जुळतंय ते माझदा फॅमिलिया ह्या गाडीच्या रोबोशी. टाकारा ह्या जपानी कंपनीने १९८३मध्ये आपल्या मायक्रोमॅन नावाच्या खेळण्यांत ‘मायक्रो चेंज’ ही मालिका काढली, त्यात ह्या छोट्या गाड्या होत्या. १९८४मध्ये हॅस्ब्रो ह्या अमेरिकन कंपनीने त्यांचे आणि टाकाराच्याच डायाक्लोन मालिकेचे साचे घेऊन ट्रान्सफॉर्मर्स बाजारात आणले. बंबलबी, क्लिफजंपर, हफर, गिअर्स, ब्रॉन, विंडचार्जर ही त्या वर्षीची छोटी मंडळी. त्यांच्यासोबत ही फॅमिलियाही क्लिफजंपरचं नाव छापलेल्या पुठ्ठ्यावर विकली गेली. तिला स्वतःचं नाव नव्हतं, म्हणून पुढे संग्राहकांनी बंबलबी आणि क्लिफजंपरची नावं जोडून ‘बंबलजंपर’ म्हणायला सुरुवात केली.

पण ह्या छोट्यांच्या नकला त्या काळी भरपूर निघाल्या, म्हणून तळाचा स्पष्ट फोटो टाका. अक्षरं ठसठशीत आहेत का, स्क्रू मूळचे वाटतात का, ते पाहू. छातीवर बोट घासल्यावर रंग बदलणारा चौकोन नसेल तर घाबरू नका. तो १९८५पासून आला, त्याआधीच्या मालावर नसायचाच.

चिकटपणा डांबराच्या गोळ्यांचाच. नॅप्थलिनची वाफ असल्या प्लॅस्टिकला मऊ करते. अॅसिटोन, स्पिरिट, पेट्रोल काही लावू नका. आठवडाभर सावलीत उघड्यावर ठेवा, मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने पुसा. बुडवून ठेवू नका, आतली धातूची पिन गंजते. टप पूर्वीसारखा गुळगुळीत होईलच असं सांगत नाही. मऊ झालेलं प्लॅस्टिक पुसून परत येत नाही.

कुडाळचा_संग्राहक:
मावशींना दुजोरा. आमच्याकडे पावसाळ्यात स्क्रू लाल होतात. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या मी डब्यात ठेवतो. माझं मत, हा घट्ट झाकणाच्या डब्यात जाऊ दे, रोज उघडझाप नको.

मायक्रोमावशी (पुणे):
इथे माझं जमत नाही, कुडाळकर. हा रोबो बोटांसाठी बनवलाय. माझ्याकडे १९८९चे मायक्रोमास्टर्स, म्हणजे आणखी छोटे ट्रान्सफॉर्मर्स, आहेत, जेमतेम पाच सेंटिमीटरचे, आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाला मी गाडी करून परत माणूस करते. सांधा अडला तर जोर लावायचा नाही, पांढरी रेघ उमटली की तिथेच तुटणार. बाकी खेळायचं. लुळ्या हाताला पारदर्शक नेलपेंटचा पातळ हात द्या, फक्त जिथे घासतं तिथे. पूर्ण एक दिवस वाळू द्या, मगच हलवा. फेव्हिक्विक नको, हात कायमचा चिकटेल.

आणि नवीन घेताना सध्या दर बघून घ्या. खेळण्यांवरची आयातजकात २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३मध्ये ७०. मी आता वर्षाला चारच घेते.

सोनपिवळा (डोंबिवली):
फोटो टाकला आहे. आठवडा गॅलरीत सावलीत ठेवला, वास गेला. टपावर नखाएवढा खडबडीत डाग राहिलाय, तो राहू देतोय. काल रात्री नेलपेंट लावलं, बायकोच्या बाटलीतलं. आज संध्याकाळी हात वर केला, तो वरच राहिला.

काका आता ७८चे आहेत, ठाण्याला असतात. त्यांना फोन करून गाडीचं नाव सांगितलं. म्हणाले, “पिवळा एकच उरला होता रे दुकानात.” रविवारी घेऊन जातोय.