धर्मगुरूंच्या अतिश्रमाला सद्गुण मानावे का?

धागाकर्ता:
‘महाराज चारच तास झोपतात’, ‘फादर वर्षानुवर्षे सुट्टी घेत नाहीत’ असे भक्तमंडळी कौतुकाने सांगतात. हेच एखाद्या शल्यचिकित्सकाबद्दल ऐकले, तर आपण त्याच्या हाती स्वतःला सोपवू का? धर्मग्रंथांचा कौलही या कौतुकाच्या बाजूने नाही. अति जागणाऱ्याला योग साधत नाही, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. बायबलच्या निर्गम ग्रंथात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो बजावतो की, अशाने तू थकशील आणि तुझ्याबरोबरचे हे लोकही थकतील, म्हणून हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेम. ताटकळणाऱ्या लोकांचाही त्याने विचार केला, हे मला विशेष वाटते. अशा अतिश्रमामागे पुष्कळदा अधिकार वाटून देण्याची नाखुशी असते, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १:
हे मत मला अन्यायकारक वाटते. मरणासन्न माणसाच्या घरून येणारे बोलावणे वेळ पाहून येत नाही. मधुमेह आणि दमा जडलेला असतानाही स्वामी विवेकानंद कार्यरत राहिले आणि १९०२ साली, अवघ्या ३९व्या वर्षी गेले. त्यांनी प्रकृती जपत दिवस काढले असते, तर आज आपण त्यांच्याविषयी बोलत असतो का?

धागाकर्ता:
मध्यरात्रीच्या बोलावण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. दिवस खाऊन टाकणारी उद्घाटने, सत्कार आणि समित्या यांबद्दल आहे. शिवाय विवेकानंदांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, कारण त्यांनी १९०१ साली बेलूर मठाची सूत्रे विश्वस्तपत्राद्वारे गुरुबंधूंच्या हाती सोपवली होती.

प्रतिसाद २:
पोप जॉन पॉल दुसरे पार्किन्सनच्या आजाराने जर्जर होऊनही २००५ साली मृत्यू येईपर्यंत पदावर राहिले, तर त्यांच्यानंतरच्या बेनेडिक्ट सोळावे यांनी शक्ती उरली नसल्याचे सांगून २०१३ साली पद सोडले. दोघांचेही निर्णय मला प्रामाणिक वाटतात. मात्र वयाची ७५ वर्षे पूर्ण झालेल्या बिशपने राजीनामा सादर करावा, असे याच चर्चचा कायदा सांगतो. थांबण्याची वेळ ठरवणे प्रत्येक वेळी व्यक्तीवर सोडू नये, एवढे शहाणपण संस्थेला सुचले आहे.

प्रतिसाद १:
तो नियम वयाचा आहे. पन्नाशीतल्या, एकट्याने सगळे सांभाळणाऱ्या धर्मगुरूला त्याचा काय उपयोग? इथ्रोचा सल्ला पाळायला मोशेजवळ नेमण्याजोगी माणसे होती. लहान प्रार्थनास्थळात दुसरा माणूस नेमायचा, तर त्याचे मानधन कोण देणार? गुरूने विश्रांती घ्यावी म्हणणारे भक्त वर्गणी वाढवण्याचा विषय निघाला की गप्प होतात. धागाकर्त्यांनी अधिकार न सोडणाऱ्या गुरूंवर बोट ठेवले आहे, तसे या भक्तांवरही ठेवावे.

धागाकर्ता:
ठेवतो, पण मग चार तासांच्या झोपेचे कौतुक करणारेही तेच आहेत, कारण त्या कौतुकाला वर्गणी लागत नाही.