मदत हवी आहे: तुडतुडे औषधाला दाद देईनात, प्रतिकारशक्ती आली की फवारणीच चुकतेय?

नमस्कार मंडळी,

आंब्याच्या मोहोरावर तुडतुड्यांनी (रस शोषणाऱ्या बारीक किडीनं) हैराण केलंय. पूर्वी इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाच्या एका फवारणीत बाग शांत व्हायची. गेले दोन हंगाम मात्र आठवडाभरात मोहोरावर पुन्हा पिलांची गर्दी होते, पानं चिकट होतात आणि त्यावर काळी बुरशी धरते.

एकच औषध सारखं मारू नये हे माहीत होतं. म्हणून इमिडाक्लोप्रिडनंतर थायामेथोक्झाम, मग अ‍ॅसिटामिप्रिड अशी अदलाबदल केली. परवा औषधांतल्या घटकांचे, काम करण्याच्या पद्धतीनुसार पाडलेले गट शोधले आणि धक्काच बसला. तिन्ही ४ए या एकाच गटातली, किडीच्या मज्जासंस्थेत एकाच जागी काम करणारी! इतकी वर्षं आपण काळजी घेतोय असं समजत होतो, याचं फार वाईट वाटतंय.

आता मात्रा वाढवावी असं काहीजण सुचवतात. मन धजत नाही. खरंच प्रतिकारशक्ती आली आहे हे घरच्या घरी ओळखता येईल का? आणि पुढे कोणतं औषध घ्यावं?

प्रतिसाद १
मात्रा अजिबात वाढवू नका. जास्त मात्रेतूनही जे वाचतील ते सगळ्यात चिवट, आणि पुढची पिढी त्यांचीच. शिवाय मित्रकीटक आधी मरतात.

पण आधी एक शंका. तुडतुडे अंडी मोहोराच्या देठात आणि पानाच्या शिरेत खुपसून घालतात, तिथे औषध नीट पोचत नाही. त्यामुळे आठवड्यानं दिसलेली पिलं नव्यानं बाहेर आलेली असू शकतात. फवारणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय दिसतं? प्रौढ तुडतुडे तेव्हाही जिवंत असतील तर मामला वेगळा. उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत द्राव पोचतो का, तेही बघा.

प्रतिसाद २
घरी अंदाज घेता येतो. लेबलवरच्या मात्रेचं द्रावण करा, कोवळी फांदी त्यात बुडवून सावलीत सुकवा. पारदर्शक बरणीत ठेवून आत मोजून तुडतुडे सोडा, तोंडाला जाळीचं कापड बांधा. दुसऱ्या बरणीत फक्त पाण्यात बुडवलेली फांदी. हातमोजे घालूनच हे करा. दोन-तीन दिवसांनी मोजा. पाण्याच्या बरणीतलेही बरेच मेले तर चाचणी बाद. ते जगले आणि औषधाच्या बरणीतलेही बहुतेक जगले, तर संशय पक्का. कधीच न फवारलेल्या झाडावरचे तुडतुडे मिळाले तर ते सोडून औषधाच्या फांदीची तिसरी बरणी जरूर लावा, फरक लगेच कळतो.

औषधाचं म्हणाल तर पिलं लहान असताना ब्युप्रोफेझिन, गट १६. ते कात टाकण्यात अडथळा आणतं, प्रौढ मरत नाहीत, म्हणून वेळ साधायला हवी. ४ए गट या हंगामात पूर्ण बंद ठेवा. फुलं उमललेली असताना तर तो नकोच, परागीभवन करणाऱ्या माश्या मरतात.

आणि वाईट वाटून घेऊ नका, किडीला प्रतिकारशक्ती येणं हे जुनंच दुखणं आहे. चुना-गंधकाच्या फवारणीतून सॅन होजे खवले कीड वाचतेय, हे कीटकशास्त्रज्ञ मेलँडर यांनी अमेरिकेत १९१४ सालीच मांडलं होतं.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचे मनापासून आभार. दुसऱ्या दिवशी कधी बघितलंच नव्हतं, थेट आठवड्यानं बघायचो. उद्या तीन बरण्या लावतो. एक विचारायचं राहिलं: प्रत्येक बरणीत किती तुडतुडे सोडू?