रोज पोस्ट टाकण्यापेक्षा विषय धरून ठेवा
बरेच जण सांगतात की सोशल मीडियावर रोज एक पोस्ट टाकत राहा, तुमचा ब्रँड आपोआप उभा राहतो. मला अर्धंच पटलं. रोजच्या नादात आज मोटिव्हेशन, उद्या शेअर मार्केट, परवा कुठलातरी ट्रेंडिंग रील असं होतं आणि लोकांना कळतच नाही की ह्याला नक्की कशासाठी फॉलो करायचं. आठवड्याला एकच टाका पण विषय सोडू नका. एक्सेलवाले असाल तर व्हीलुकअप (यादीतून हवी ती माहिती शोधून देणारा फॉर्म्युला) आकडा समोर दिसत असूनही एरर का देतं, तो आकडा टेक्स्ट म्हणून सेव्ह झालाय का ते कसं बघायचं, इतकं बारीक लिहा. लाईक कमीच येतील, पण अडलेला माणूस सर्च करत तिथेच येतो. आणि हो, यूट्यूबवर जाहिरातींची कमाई सुरू व्हायला लोकांनी तुमचे व्हिडिओ ४००० तास बघितलेले असावे लागतात, त्या तासांत शॉर्ट्स फीडचे व्ह्यूज धरत नाहीत, तेव्हा नुसते शॉर्ट्स टाकणाऱ्यांनी तो हिशोब आधी बघा.