मराठेकालीन कागदांतील सन, तारखा आणि साधने यांविषयी शंका

प्रश्न: इतिहासाची विद्यार्थिनी

मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असून सध्या पेशवेकालीन पत्रांचे छापील संग्रह वाचत आहे. एका पत्राच्या माथ्यावर संपादकांनी १७६१ साल दिले आहे, परंतु मूळ मजकुरात ‘इहिदे सितैन मया व अलफ’ एवढेच असून महिना हिजरी आहे. हे साल कसे काढतात? शिवराज्याभिषेकाची तारीख बहुतेक ठिकाणी ६ जून १६७४ असताना क्वचित १६ जून का आढळते? शिवाय बखर आणि शकावली ही एकाच तोलाची साधने मानावीत का?

उत्तर: मोडीवाचक

हा शुहूर सन होय. त्याचे वर्ष अंकांत न लिहिता अरबी संख्यावाचक शब्दांत लिहीत आणि त्यात एकक आधी येई: इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११६१. हे वर्ष सौर असून सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदलते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवावे लागतात. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. ती शुहूर ११६१ मध्येच पडते, पण त्याच ११६१ मधले ऑगस्टचे पत्र मात्र १७६० चे ठरते. सरसकट ६०० मिळवणाऱ्यांची पत्रे त्यामुळे वर्षभर पुढे सरकतात आणि मोहिमेचा सारा क्रम विस्कटतो.

तारखेपूर्वी येणारा ‘छ’ हा चंद्राचा संक्षेप असून त्यापुढे हिजरी महिन्याचे नाव असते. वर्ष सौर आणि महिना चांद्र अशी ही सरमिसळ असल्याने जंत्रीवाचून, म्हणजे निरनिराळ्या कालगणनांच्या तारखांचा मेळ दाखवणाऱ्या कोष्टकांवाचून, गत्यंतर नाही. महसुली हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या दख्खनी फसली सनाचा आकडा शुहूरपेक्षा ९ ने मोठा असतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

उत्तर: जंत्रीप्रेमी

दहा दिवसांचा फरक हा जुन्या ज्युलियन आणि नव्या ग्रेगोरियन पंचांगांतला आहे. पोर्तुगालने नवे पंचांग १५८२ मध्येच स्वीकारले होते, इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुनेच वापरत राहिले. त्यामुळे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ हा एकच दिवस सुरतकर इंग्रजांच्या हिशेबी ६ जून, तर गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या हिशेबी १६ जून होता. दोन्ही दप्तरांतील पत्रे शेजारी ठेवून ‘कोणाला बातमी आधी कळली’ असे अनुमान काढण्यापूर्वी हे पाहिलेच पाहिजे.

शकातही अशीच मेख आहे. शक चैत्रात बदलतो, म्हणून एरवी ७८ मिळवले तरी जानेवारी ते मार्चमधील तिथींना ७९ मिळवावे लागतात. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही शिवजन्मतिथी त्यामुळे १६२९ ची नसून १६३० ची ठरते. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, तेव्हा तिथल्या कागदात हाच पक्ष चैत्राचा म्हणून नोंदलेला असेल.

उत्तर: दप्तरातला वाचक

बखर आणि शकावली यांची गल्लत करू नये. शकावली म्हणजे शक आणि तिथीनुसार केलेल्या त्रोटक नोंदी. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीमुळेच वरील जन्मतिथी पुढे आली. त्यापूर्वी वैशाख शके १५४९ ही तिथी रूढ होती. बखर हे कथन असते, आणि सगळ्या बखरींनाही एक माप लावता येत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस लिहिलेली बखर घटनांना बरीच जवळची आहे, तर चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. माझ्या मते तारखेसाठी बखरीवर विसंबू नये. दरबारी माणसाला काय सांगण्याजोगे वाटले, हे मात्र तीतूनच कळते. अस्सल पत्राचे वजन या सर्वांहून अधिक, पण हाती आलेला कागद अस्सल आहे, समकालीन नक्कल आहे की बनावट, हे मायना (पत्रारंभीचे संबोधन), शिक्का, मोर्तब (पत्राअखेरची मोहर) आणि अक्षरवळण पाहून आधी ठरवावे लागते.

विद्यार्थिनी

सर्वांची आभारी आहे. एका इंग्रजी पत्रावर फेब्रुवारी १६७३/४ असे दुहेरी वर्ष छापलेले आहे. तेथे १६७४ धरावे ना?

जंत्रीप्रेमी

होय. इंग्लंडचे अधिकृत वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई, म्हणून त्यांच्या लेखी फेब्रुवारीत १६७३ च चालू असे. वर्ष १६७४ धरा, दिवस मात्र जुन्या पंचांगाचाच ठेवून तळटीपेत तसे नमूद करा.