मदत हवी आहे: कल्चर रिपोर्ट आलाय, लिनेझोलिड सुरू करू का?

सायली_धनकवडी
अर्जंट आहे. गळूच्या पुवाचा रिपोर्ट आज आला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू लिहिलाय आणि खाली निम्म्या औषधांपुढे 'आर' आहे, म्हणजे ती त्यावर चालत नाहीत. डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी येणार. मेडिकलवाला म्हणतो लिनेझोलिडपुढे 'एस' आहे, म्हणजे हे अँटिबायोटिक चालेल, देतो. सुरू करू का, फक्त हो की नाही सांगा.

मेधा_क
अगं कोणाला झालंय, वय काय, कुठे आहे, ताप आहे का? हो-नाही कसं सांगणार?

सायली_धनकवडी
भाऊ, १९ वर्षं. मांडीवर. दोन महिन्यांत तिसरं. पहिल्या वेळी मेडिकलमधून अझिथ्रोच्या तीन गोळ्या आणल्या, दुसऱ्या वेळी घरात उरलेल्या अमॉक्सिक्लॅव दिल्या, बरं वाटलं म्हणून दोन दिवसांत बंद केल्या.

नाना_सदाशिव
आमच्याकडे केसतोडावर गव्हाच्या पिठात हळद-तेल घालून गरम पोटीस बांधायचे, रात्रीत फुटायचं. अँटिबायोटिक कशाला हवीत?

मेधा_क
नाना, लहान केसतोडाला शेक ठीक आहे पण हे तिसरं गळू आहे आणि साध्या औषधाला दाद देत नाहीये. चटका बसला तर अजून एक जखम.

प्रसाद७७
क्लिंडामायसिनपुढे काय आहे? 'एस' असेल तर ते घ्या, मला त्यानेच गुण आला.

लॅबमधला
थांबा. मी मायक्रोबायोलॉजीत काम करतो. सायली, सिफॉक्सिटिन आणि एरिथ्रोमायसिनपुढे काय आहे, आणि खाली डी टेस्ट असं काही लिहिलंय का?

सायली_धनकवडी
दोन्हींना आर. क्लिंडामायसिनलाही आर. डी टेस्ट पॉझिटिव्ह.

लॅबमधला
सिफॉक्सिटिन आर म्हणजे एमआरएसए, मेथिसिलिन आणि त्याच्या जातीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, थोडक्यात स्टॅफ. घरात उरलेलं अमॉक्सिक्लॅव त्यावर चालणारच नव्हतं, नेहमीची सेफॅलोस्पोरिन्सही नाही. प्रसाद, डी टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे क्लिंडामायसिन जंतू वाढवायच्या प्लेटवर नुसतं ठेवलं तर चालल्यासारखं दिसतं, पण एरिथ्रोमायसिनची चकती शेजारी ठेवली की त्या बाजूने जंतू वाढतात आणि मोकळी जागा इंग्रजी डी अक्षरासारखी चपटी होते. म्हणून आर. आता महत्त्वाचं, पू चीर देऊन काढला की सुईने?

सायली_धनकवडी
सुईने थोडासा काढला. गाठ तशीच आहे, पेरूएवढी. आज ताप १०१ आहे.

मेधा_क
ताप आत्ता सांगतेस!! सोमवारची वाट बघू नका. मी सर्जरी वॉर्डला नर्स होते. गळूचा पहिला इलाज निचरा, पू आत साठलेला असेल तर कुठलीही गोळी नीट पोचत नाही. लालीच्या कडेने पेनाने रेघ मार, रेघेबाहेर गेली तर समजेल. आजच सर्जनकडे ने, कोणी नाही मिळालं तर ससूनची इमर्जन्सी चोवीस तास असते. शुगरही तपासून घ्या. लिनेझोलिड मनाने नको, ते अवघड टीबीच्या पेशंटना लागतं आणि जास्त दिवस घेतलं तर प्लेटलेट्स उतरतात.

आकाश_हडपसर
मेडिक्लेममध्ये डे केअर बसतं का ते आधी विचारा, आमचा क्लेम अडकला होता.

नाना_सदाशिव
माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते, १९५४ साली सुरू झालेली कंपनी. पेनिसिलिनने गळवं पटापट बसायची असं ते सांगायचे.

लॅबमधला
नाना, १९२८ साली पेनिसिलिन सापडलं ते स्टॅफच्याच प्लेटवर, फ्लेमिंगच्या. चाळीसच्या दशकातच त्याला न जुमानणारे स्टॅफ हॉस्पिटलांत दिसू लागले. मग मेथिसिलिन आलं आणि १९६१ साली इंग्लंडमधून एमआरएसएची नोंद झाली. सायली, भाऊ जिम किंवा तालमीत जातो का?

सायली_धनकवडी
कुस्ती करतो, रोज मॅटवर. हे सांगायचं असतं हे माहीत नव्हतं.

सायली_धनकवडी
अपडेट. रात्री जवळच्या सर्जनकडे नेलं. जागा बधिर करून चीर दिली, वाटीभर पू निघाला, आत गॉजची वात ठेवलीय, ती उद्या बदलणार. शुगर नॉर्मल. रिपोर्ट बघून डॉक्सिसायक्लिन दिलंय, पाच दिवस, लिनेझोलिड नाही म्हणाले. सकाळी ताप उतरला. वस्तादांना फोन केला तर म्हणाले अजून तीन पोरांना फोड आहेत आणि सगळे अंग पुसायला तोच टॉवेल घेतात. त्या पोरांना काय सांगू?

मेधा_क
फोड झाकूनही ओला होत असेल तर बरं होईपर्यंत मॅटवर उतरू नका म्हणावं. टॉवेल, लंगोट, वस्तरा ज्याचा त्याचा. सरावानंतर लगेच साबणाने अंघोळ. आणि तिघांनाही दाखवून घे, गळू कोणीही घरी पिळू नका.

लॅबमधला
मॅट रोज सरावानंतर जंतुनाशकाने पुसायची, बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ओली ठेवायची. लगेच कोरडी केली तर उपयोग नाही.

सायली_धनकवडी
संध्याकाळी स्वतः जाते तालमीत.